परिच्छेद ४.७

मी विधिमंडळाचा प्रतिवेदक. मिनिटाला एकशे वीस शब्द.
कुणी हसलं की कंसात हशा लिहितो,
मध्येच बोललं की अडथळा,
जेवायला उठले की बैठक स्थगित.
गप्प राहण्याला आमच्याकडे चिन्ह नाही.

कोल्हापूर, सर्किट हाउस, सकाळचे सव्वादहा.
विषय: लघुउद्योगांना दिलेली शासकीय कर्जे.
महामंडळाचे व्यवस्थापक उभे राहून म्हणाले,
उद्दिष्ट एकशे दोन टक्के साध्य.
वरच्या दोन टक्क्यांवर
(हशा.)

मग गाड्या निघाल्या.
पहिलं घर सुभाषनगरात. पत्र्याखाली
चामडं शिवायचं मशीन, निळं, जड,
हारातला झेंडू अजून ओला.
सदस्या मंदाकिनी इंगवले, वय चौसष्ट,
मशीनवर हात ठेवून जरा उभ्या राहिल्या.
कापणीच्या पाटावर खडूचा तुकडा पडला होता,
तो उचलून त्यांनी मशीनच्या बुडाशी
एक आडवी रेघ ओढली.
मला वाटलं, म्हातारपणाचा चाळा.

दुसरं घर जवाहरनगर. निळं मशीन.
पुढं जाण्याआधी मिसळ खाल्लीच पाहिजे,
हा व्यवस्थापकांचा आग्रह.
कटानं सचिवांचं नाक गळत होतं
तेवढ्यात मागच्या बोळातून टेम्पो गेला,
ताडपत्री बांधलेला.
मी पाहिला. लिहिला नाही.
टेम्पो साक्षीला बोलावलेला नव्हता.

तिसरं घर उंचगावात, शेवंता व्हटकर यांचं.
निळं मशीन. हारातले दोन झेंडू गळालेले.
मंदाकिनीबाई गुडघा धरून खाली वाकल्या.
रेघ तिथंच होती.

माझी पेन्सिल
कागदापासून बोटभर वर.
बाहेर कुणीतरी चामडं ठोकत होतं, तेही थांबलं.

मग शेवंता म्हणाली,
"मी सही केलो, चार ठिकाणी.
मशीन आलं न्हाई. हप्ता आला.
हे सकाळच्यानं तिसरं घर फिरतंय,
सांच्याला परत जातंय म्हणं.
आमी आपलं हातानंच शिवतोय, बगा की."
आणि आरी पुढं केली.
लाकडी मूठ तिच्या बोटांच्या मापानं झिजलेली,
दुसऱ्या कुणाच्या हातात बसली नसती.

इथल्या बायका 'मी केलो' म्हणतात.
माझा हात सवयीनं 'केली' लिहून गेला.
खोडलं. 'केलो' लिहिलं.
अठ्ठावीस वर्षांत मंत्र्यांची कितीतरी वाक्यं
मी सरळ करून दिली आहेत.
हे मात्र वाकवता आलं नाही.

पुरवठादार कोण? तपासून सांगतो.
बिलं किती मशीनची? एकशे चाळीस.
आणि मशीनं?
तपासून
(अडथळा.)
अडथळा मंदाकिनीबाईंचा. आवाज चढलेला नाही.
"आकडा नको मला. मशीनं आणा.
सगळी एकाच दिवशी, एकाच मैदानात.
टेम्पोचं भाडं मी देते."

महिनाअखेरीस गांधी मैदानात सतरा आली.
ऊन होतं. मशीनं अंतर सोडून मांडली होती,
मैदान भरल्यासारखं दिसावं म्हणून.
एकाच्या बुडाशी पुसट पांढरं काही.

अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी
दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी
सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात आला.
बाके निम्मी रिकामी. बहुतेकांची तिकिटं काढलेली.
एकेचाळीस बायकांच्या वसुलीला स्थगिती मिळाली,
बाकीच्यांबाबत
कार्यवाही सुरू आहे.
पुढच्या समितीत मंदाकिनीबाईंचं नाव नव्हतं.

छापील प्रत हातात आली तेव्हा
आधी परिच्छेद ४.७ काढला.
मुद्रितशोधकानं 'केली' करून टाकलं होतं.
ग्रंथालयात कुणी नव्हतं.
मी वेलांटी खोडली, काना-मात्रा दिली.
शासकीय दस्तऐवजात फेरफार.
कलम मला पाठ आहे.